छताखालची वीत

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरच्या गल्लीत घरं बांधत नाहीत, चिरतात. आणि चिरणारा हात मिस्त्रीचा. मध्ये प्लायवूड उभं करायचं, रंग फासायचा, की एका खोलीच्या झाल्या दोन 'स्वतंत्र खोल्या'! एके काळी हा माणूस अशी कपाटं करायचा की बघत राहावं. आता पोटासाठी ही खुराडी. शी! काम संपवून कोपरापर्यंत हात धुतले तरी त्याची त्यालाच किळस यायची.

सगळ्यांत बेरकी गिऱ्हाईक इंचकाका. नाव भाडेकरू पोरांनी ठेवलेलं, कारण या घरमालकाच्या खिशात कायम मापाची टेप. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस. खिडकी एकच असली तर प्लायवूड बरोबर तिच्या मधोमध आणायला लावायचा. मग दोन्ही बाजू 'खिडकीची खोली' म्हणून खपतात.

यंदा मिस्त्रीच्या भाचीला इथे प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. मामाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन तासांवर, एका खोलीत पाच माणसं. आठ दिवस दोघं वणवण फिरले. कुठे भाडं ऐकून घाम फुटला, कुठे संडास बघून ओकारी आली. सोमवारपर्यंत सोय झाली नाही तर पोरीला परत नेते, असं बहिणीने बजावलं होतं. एकदा परत गेली की शिक्षण संपलं, हे न सांगताही सगळ्यांना कळत होतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मिस्त्री इंचकाकाकडे गेला. काका निम्म्या भाड्याला तयार झाला, फक्त वरच्या लांबट खोलीचे दोन भाग करून हवे होते. तिथली खिडकी एका टोकाला, तिचे तुकडे होईनात. खिडकीचा भाग भाचीला, बिनखिडकीचा दुसऱ्या कुणालातरी. मिस्त्रीने काम केलं, पण छताखाली वीतभर जागा मोकळी सोडली. पलीकडच्या जिवाला तेवढाच वारा, तेवढाच उजेड.

सोमवारी दुपारी भाची बॅग घेऊन आली, आणि तिच्यामागून काका. त्याने वर पाहिलं. ही फट बुजवा म्हणाला, आवाज येतो म्हणून भाडेकरू भाडं पाडून मागतात.

"पलीकडे माणूस राहणार आहे, काका. हवा कुठून येणार?"

"एवढा कळवळा आहे ना, मग भाचीला तिकडे ठेवा. राहू दे फट."

मिस्त्रीने भाचीकडे पाहिलं. ती खिडकीपाशी उभी होती. कोपऱ्यातली प्लायवूडची उरलेली पट्टी उचलून तिने मामाच्या हातात दिली.

"मामा, बंद कर ना ते. मला सामान लावायचंय."

मिस्त्री स्टुलावर चढला. तिने स्टूल घट्ट धरलं. अर्धे खिळे ठोकून झाले तोच पलीकडचं दार उघडलं. कुणीतरी बाप आपल्या मुलीला खोली दाखवायला आला होता, आणि भर दुपारी तिला दिव्याचं बटण चाचपायला सांगत होता.

मिस्त्रीने पुढचा खिळा तोंडातून काढला आणि ठोकला.