घोंगडीतलं मीठ

लखूबा गेल्याचं मला वेल्ह्याच्या बाजारात कळलं. सांगणाऱ्यानं आधी मिरच्यांचा भाव विचारला, मग इकडचं तिकडचं काढलं, आणि शेवटी हळूच म्हणाला, "तुमचे लखूबा गेले, गुरुजी..." त्यांना जाऊन महिना होत आला होता; मी उन्हाळी सुट्टीत गावी होतो, वस्तीवर अजून पोचलोच नव्हतो.

मी भोर संस्थानातल्या केळदच्या शाळेवर मास्तर. लखूबांची धनगरवस्ती शाळेच्या वरच्या पठारावर. गेल्या पौषात निरोप आला की त्यांची लेक ठकू बाळंतपणानंतर तापानं अंथरुणाला खिळलीय. तिचं सासर खाली कोकणात, केळशीजवळच्या वस्तीवर. लग्नानंतर वर्षभरातच ती एकटी घाट चढून माहेरी पळून आली होती, आणि लखूबांनी तिला उंबऱ्याबाहेरूनच माघारी लावली होती. त्याला आठ वर्षं झाली. बापलेकींनी पुन्हा एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

सगळी वाट पायी तुडवण्यापेक्षा दासगाव बंदरातून मचव्यानं गेलं तर दोन दिवस वाचत होते. पण लखूबांना पाण्याची जन्माची धास्ती. "पाय टेकाया जागा न्हाई, तितं मानसानं जावंच कशाला?" माझं आजोळ समुद्रकाठच्या हर्णैचं. मी छाती फुगवून म्हटलं, "मी आहे ना बरोबर!"

खाडीत सगळं गोडीगुलाबीनं चाललं. बाणकोट मागं पडलं, शिडात वारा भरला, मचवा एका कुशीवर कलला, आणि समुद्राच्या भाच्यानं पहिली ओकारी काढली ती मीच. लखूबांनी एका हातानं डोलकाठी धरली होती, दुसऱ्या हातानं माझी बंडी. लाटेचं पाणी अंगावर येऊन त्यांची घोंगडी चिंब झाली होती. डोळे मिटून बसलेल्या त्या माणसानं एकदाच तोंड उघडलं.

"गुरुजी, ती मला घरात घील का हो?"

मी पुन्हा कठड्यावरून वाकलो होतो. बोलण्याजोगी माझी अवस्था नव्हती.

ठकूचा ताप उतरला होता. अंगणात बाजेवर पोर घेऊन बसली होती, नुसती हाडं उरलेली. तिनं बापाकडे बराच वेळ बघितलं. मग उठली, त्यांच्या खांद्यावरची ओली घोंगडी काढून कुंपणावर वाळत घातली आणि म्हणाली, "आत या, दादा."

लखूबा तिथंच मटकन बसून रडले. मीही रडलो, लपवत कशाला!

वाळल्यावर घोंगडीवर मीठ फुटलं. "धुऊन देते," ठकू म्हणाली. "नगं. ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी ती धुऊ दिली नाही. बसतील तिथं शेळ्या येऊन ती चाटायच्या, आणि आम्ही हसायचो.

परवा भेटायला लखूबांच्या वस्तीवर गेलो. ठकू माहेरी आली होती, त्याच उंबऱ्यावर बसली होती. घोंगडी बाहेर मेढीच्या खांबाला टांगलेली, आणि एक शेळी तिचं टोक चाटत होती. मी हुसकायला हात उचलला.

"चाटू द्या, गुरुजी," ठकू म्हणाली. "पाऊस आला की जायाचंच हाय ते मीठ. त्यापरीस त्यांच्या शेळ्यांच्या पोटात जाऊ दे."

मी हात खाली घेतला.