बनाबाईचा पायगुण

बाळासो पाय सुजून वारला तेव्हा त्याची मूत्रपिंडं द्राक्षाच्या घडासारखी फुगली होती, आणि घरानं दोष दिला तो त्याच्या बायकोच्या, बनाबाईच्या, पायांना. मुरगूडच्या ह्याच घरात बाळासोचे वडील असेच पाय सुजून गेले, थोरली बहीणही गेली. ते कुणाला आठवायचं नव्हतं, कारण बनाबाई आयती सापडली होती. तेव्हापासून कुणी चांगल्या कामाला निघालं, की विधवेचं तोंड दिसू नये म्हणून तिनं गोठ्यामागं जाऊन उभं राहायचं. म्हशींना मात्र तिचं तोंड दोन्ही वेळा चालायचं!

यंदा तिच्या मुलाच्या, विश्वजितच्या, सोनोग्राफीत मूत्रपिंडांवर तेच फुगे दिसले. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मायलेकांचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. दोष मुलात निघाला, आईत नाही.

"हे बापाकडून आलंय," बाई म्हणाल्या. "चुलत भावंडांनाही तपासा. कमी वयात रक्तदाब वाढणं ही याची पहिली खूण. लवकर कळलं तर बरंच सांभाळता येतं."

बनाबाई पोरासाठी रडली, आणि डोळे पुसता पुसता संतापली.

दीर हंबीरराव यांची मुलगी तेजस्वी ऐन बाविशीत रक्तदाबानं डोकं धरून बसायची. पण तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. तपासणीचं नाव काढताच हंबीरराव उखडले. शेवटी पोरीनंच काकीला गाठलं. "मला कळून घ्यायचं हाय. न्हेतीस का कोल्हापुरात?"

सकाळी दोघी निघाल्या, तर हंबीरराव दारात आडवे. आधी ओरडले, मग आवाज उतरवला.

"वयनी, आज भावकी गोळा करतो. तुमच्या पायगुणाचा दोष न्हवता, आमचंच चुकलं, असं चारचौघांत सांगतो. पर पोरीला न्हेऊ नका."

हे ऐकायला बनाबाईनं अर्धं आयुष्य गोठ्यामागं काढलं होतं.

"भावजी, माझं पाय वाईट ते वाईटच ऱ्हाऊ द्यात. पोरगी तपासायची हाय. सरा बाजूला."

"आन् लगीन मोडलं म्हंजे?"

"मोडू दे की! लपवून दिलीसा, तर उद्या तिकडंबी हिच्याच पायाला नाव ठेवतील."

हंबीरराव बाजूला झाले.

पोरगी महत्त्वाच्या कामाला निघाली म्हणून बनाबाई सवयीनं मागं सरली. तेजस्वीनं तिचा दंड धरला.

"काकी, तू म्होरं चाल."

बनाबाईनं पदर खोचला आणि दिराच्या देखत पहिलं पाऊल बाहेर टाकलं.