बुडवलेला दाखला

अन्याय माझ्या मायवर झाला. १९५९च्या जून महिन्यात, एका शुक्रवारी, दुपारी बाराच्या सुमारास, अकोल्याच्या तहसील कचेरीत. करणारे तिघे होते: एक बाबू, एक अर्जनवीस आणि तिसरी मी. नावं कोणाचीच लिहीत नाही, पण तिसरीला सोडायचा माझा विचार नाही.

मी फायनल पास झाले होते आणि अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता. राहणं-खाणं आणि विद्यावेतन सरकारचं. त्याशिवाय मला शिकवणं मायच्या आवाक्यातलं नव्हतं. वडील वारले होते आणि ती जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. पत्रात लिहिलं होतं, सोमवारी जातीच्या दाखल्यासह हजर व्हावे, अन्यथा जागा पुढच्या उमेदवारास देण्यात येईल.

आणि माझा दाखला मोर्णा नदीत होता.

हरवला नव्हता. छप्पन साली माय वस्तीतल्या बायांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने देव्हारा रिकामा केला. देवांचे टाक, मरीमायचा शेंदूर फासलेला दगड, कवड्यांची माळ, सगळं एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घातलं. गाठ मारता मारता थांबली. पत्र्याची पेटी ओढून तिने आतले कागद माझ्यापुढे टाकले. घरात वाचता येणारी मी एकटीच.

"यातल्या कोन्त्या कागदावर जुनं लिवलं हाये, पाय बरं."

वडिलांनी माझ्या फीमाफीसाठी काढलेला दाखला होता. त्यावर आमची जात लिहिली होती, महार, खाली तहसीलदाराची सही आणि गोल शिक्का.

"याच्यावर हाये."

"मंग टाक गाठोड्यात. देव गेले, हे कायले ठेवतं?"

मी टाकला. चौदा वर्षांची होते, मोठ्या उत्साहाने टाकला. जुन्या शहराच्या बाजूने आम्ही ते गाठोडं पाण्यात सोडलं तेव्हा आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही, की आपण ते नाव टाकलं तरी सरकार आपल्याला त्याच नावाने ओळखतं आणि मदत करायची तरी त्याच नावाला करतं.

तहसील कचेरीतला बाबू वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या चळवळीच्या पत्रकांत आम्ही बाबूचा राक्षस करतो आणि मोकळे होतो. या बाबूने मायला बसायला बाक दिला.

"नक्कल भेटनार नाही," तो म्हणाला. "रजिस्टर जुन्या राज्याचं, ते नागपूरले गेलं. नवाच दाखला काढा. जात सांगा."

"बौद्ध," माय म्हणाली.

"बाई, धर्म नाही विचारला. जात विचारली."

"जात सोडली जी आमी."

"सोडली तर सवलतही सुटली. बौद्धाले सवलत नाही. हा पाहा हुकूम."

त्याने हुकूम वाचून दाखवला. मी त्याच्या खांद्यावरून प्रत्येक ओळ पाहिली, कुठे फट सापडते का म्हणून. नव्हती.

"मंग इतके दिवस सवलत कायची होती?" मायने विचारलं. "गरिबी तर नाई ना सोडली आमी."

बाकावरची माणसं हसली. बाबूही हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, पोरीचं नुकसान नका करू. बाहेर अर्जनवीस बसला आहे, तो बरोबर लिहून देईल. साहेब एक वाजता दौऱ्यावर निघतात, त्याच्या आत आणा. सही मी करून घेतो."

अर्जनवीस कडुनिंबाखाली बसला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याची वाक्यं तयार असायची, नाव तेवढं विचारायचा. त्याने लिहिलं ते मी मायला वाचून दाखवलं: मी, अमुकची विधवा, जात महार, धर्म हिंदू, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की माझ्या मुलीचा दाखला गहाळ झाला आहे.

"गहाळ म्हंजे?"

"हरवला."

"हरवला नाई. मी बुडवला."

"अवं बाई," अर्जनवीस म्हणाला, "बुडवला लिवलं तर सरकारी कागदाचा नाश केला म्हनून तुलेच धरतीन."

"धरू दे. अन् हे हिंदू कोन?"

"तू."

"मी?"

"कागदावर. घरी जाऊन काय पाहिजे ते राह्य. कोन पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिली ना," माय म्हणाली.

अर्जनवीसाने टाक खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आता दोघंही माझ्याकडेच पाहत होते. खरं लिहिलं तर जागा जाणार. जागा हवी तर खोटं लिहायचं. लिहून देणार माय आणि शिकणार मी. दुसरी कचेरी नव्हती, दुसरा साहेब नव्हता, आणि एक वाजायला थोडाच वेळ उरला होता. मी म्हणाले,

"माय, मार ना अंगठा."

"तू म्हनतं?"

"हो, मीच म्हणते. सोमवार गेला तर मंगळवारपासून जिनात येईन तुझ्यासंगं. पाहिजे तुले?"

ही धमकी होती. पुढे मी सभांत आणि पत्रकांत पुष्कळ धारदार बोलले, पण इतकं नेमकं कधी लागलं नाही. मायने अंगठा शाईला लावला आणि कागदावर दाबला. कागदाकडे तिने पाहिलं नाही. अर्जनवीसाने पुसायला चिंधी दिली, ती घेतली नाही. सही-शिक्का होऊन पूल ओलांडून घरी येईपर्यंत तो अंगठा लुगड्यापासून दूर धरून ती चालत होती.

सोमवारी मी अमरावतीत हजर झाले. जागा मिळाली.

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा पौर्णिमा होती. वस्तीतले लोक बुद्धवंदनेला पत्र्याच्या शेडमध्ये जमत होते. माय ज्वारी निवडत बसली होती.

"चल ना."

"तू जा. माहं पोट दुखते."

शेडमध्ये शेजारची काकू मला म्हणाली, "तुह्या मायचं पोट लय दिवसांचं दुखून राहिलं, पोरी. जूनपासून आली नाई. कोनाशी भांडली का काय?"

घरी येऊन मी तिला सरळ विचारलं. तिनेही सरळच सांगितलं.

"म्या लिवून देल्लं ना. आता तिथी कोन्त्या तोंडानं बसू?"

मी तिला समजावलं. म्हटलं, तो कागद खोटा आहे, त्याने कोणाचा धर्म जात नाही, वस्तीतल्या निम्म्या घरांनी असेच दाखले काढलेत. "त्याईचं त्याईले माईत," एवढंच ती म्हणाली. मी चिडले, अडाणी म्हणाले. अडाणी ती नव्हती. सत्य प्रतिज्ञेवर म्हणजे काय, ते त्या कचेरीत तिला एकटीला कळलं होतं.

पुढे महाराष्ट्र झाला आणि राज्याने बौद्धांनाही सवलती दिल्या. ही बातमी घेऊन मी धावत अकोल्याला गेले. तिने विचारलं, "मंग तो कागद फाडला का त्याईनं?" फाडला नव्हता. दिल्लीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सवलतींसाठी तर रकाना अजून तोच आहे: धर्म हिंदू. माझ्या शाळेतल्या मुली अर्ज घेऊन माझ्यापुढे उभ्या राहतात. "बाई, धर्म काय लिहू?" मी त्यांना जे सांगते, ते इथे लिहायची मला लाज वाटते. माय अजून वंदनेला जात नाही.

आता तुम्ही. हे पत्रक घडी घालून खिशात ठेवू नका. निवडणूक आली की उमेदवार तुमच्या दारात येईल, हात जोडेल, तुमच्या लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवेल. त्याला पाणी द्या, पाणी आपण कोणाला नाकारत नाही. पण मत मागू देऊ नका. आधी विचारा, दिल्लीचा तो रकाना कधी बदलणार? महिना आणि साल सांगायला लावा, चार शेजाऱ्यांसमोर. सांगता आलं नाही तर दार लावून घ्या.