शालूताईने घेतलेला माझा डोळा

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आमच्या घरी वाल सोलत बसले होते, तेव्हा पेणहून आमच्या कारखान्यातल्या पांडूकाकांचा फोन आला. “शालूताय गेली गो...” एवढंच म्हणाले आणि हुंदके देऊ लागले. शेवटी त्यांनाच मी समजावलं. महिना होऊन गेला, पण माझी ही थोरली बहीण आठवली की अजूनही आधी हसूच येतं.

पेणचा तो कारखाना आमच्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, गणपतीच्या मूर्तींचा. डोळे सगळ्यात शेवटी आखायचे आणि दोन्ही एकाच हाताने, हा दादांचा दंडक. ताईचा हात चौदाव्या वर्षीच डोळ्यांवर बसला होता. मी अकरा वर्षांची, माझ्या वाट्याला उंदरांच्या शेपट्या! एकदा दादा जेवायला गेलेले असताना मी हट्टच धरला. ताईने एका मूर्तीचा उजवा डोळा आखला आणि ब्रश माझ्या हातात दिला. तिचा डोळा शांत, माझा जरा दचकलेला... पण मला तो जगातला सगळ्यात सुंदर डोळा वाटला. दादांनी मूर्ती बघताक्षणी ओळखलं. “दुसरा हात कुनाचा लागला हिला?” ताई ताबडतोब म्हणाली, “कुनाचा नाय. दोनी डोळे मीच काढले.” दादांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. मी वाचले, पण आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. माझ्या हातचा पहिला डोळा तिने स्वतःच्या नावावर करून टाकला होता! त्यापेक्षा मार परवडला असता. आपलं काय चुकलं हे तिच्या गावीही नाही, असं मी धरून चालले, आणि लग्न होऊन रोह्याला आले तरी मनातली अढी गेली नाही.

ताई कारखान्यातच राहिली. साठीला आल्यावर मात्र तिने एकाएकी मोठ्या मुलींसाठी एक परीकथा लिहिली, चांगली जाडजूड कादंबरी. त्यात दोन राजकन्या आहेत. धाकटी खाडीतल्या चेटकिणीचा आरसा फोडते. शिक्षा तिला होऊ नये म्हणून थोरली तिचा चेहरा स्वतःवर घेते. धाकटी वाचते खरी, पण बिनचेहऱ्याची गावोगाव भटकते, तिला कोणी ओळखत नाही. मग तो चेहरा परत द्यायला थोरली सात खाड्या ओलांडून जाते. वाचताना माझी आमटी करपली. तशीच उठून ताईला फोन लावला.

“ताई, म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“व्हय गो. तवाच कळलं होतं. तुला वाचवायला गेले नि तुलाच पुसून बसले. सांगायला तोंड नव्हतं, म्हनून लिवलं.”

“एवढं जाडजूड?”

“तुझा रागच तेवढा होता!”

दोघी इतक्या हसलो, की दुपारचे झोपलेले आमचे हे उठून बाहेर आले. जवळजवळ पन्नास वर्षांची अढी त्या एका फोनवर सुटली, आणि नंतरची वर्षं आम्ही रोज एकमेकींचं डोकं खाल्लं.

ताईच्या दिवसकार्याच्या वेळी नागोठण्याहून शाळेतल्या दोन मुली भेटायला आल्या. सख्ख्या बहिणी. कादंबरीची एकच प्रत दोघींनी वाचून पार खिळखिळी केलेली. त्यातल्या लहानीने धीर करून विचारलं, “आजी, त्या दोघींतल्या तुम्ही कोणत्या?”

“धाकटी,” मी ठासून सांगितलं. “आणि थोरली गेली म्हणून मी काही मोठी होणार नाही!”

पोरी खुदकन हसल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला मनसोक्त रडू आलं.