गुडघे जुळवून बसणारी

छावणीजवळच्या मैदानावर मी पोरींना कबड्डी शिकवायचे. तोंडाची मी फटकळ, पण एका पोरीपुढं माझं ओरडणंही वाया जायचं. पोरगी चितेगावची, इथं वसतिगृहात राहून खेळायची. चढाईला गेली की समोरच्यांची तारांबळ उडायची. पण तिचा उजवा गुडघा लई दुखायचा. "आता एकदा सुजला की खेळ बंद, पोरगी घरी," असा तिच्या वडिलांचा निरोप आला होता.

दोष तिच्या बैठकीत होता. व्यायामाला खांद्यावर वजन घेऊन बैठका मारताना दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांना चिकटायचे. "अगं बाहेर घे की!" म्हणून मी कितीदा तरी खेकसले. शेवटी ती रडकुंडीला आली. "मॅडम, लहानपणापासून आई एकच सांगती, पोरीच्या जातीनं गुडघे जुळवून बसावं. आता एकदम कसे जातील बाहेर?"

कपाळ माझं! मीही तेच ऐकत वाढलेली.

मग वजन बाजूला ठेवलं आणि पार पहिल्यापासून सुरुवात केली. आधी स्टुलावर टेकायचं आणि उठायचं. टाचा जमिनीला, गुडघे पायाच्या बोटांच्या रोखानं. ते जमलं तसं स्टूल काढून विटांचा ठेंगणा थर रचला. मग छातीशी ज्वारीची पिशवी धरून, मग खांद्यावर नुसती काठी घेऊन. हळूहळू गुडघे वळणावर आले, ठणका थांबला. तेव्हा कुठं तिच्या खांद्यावर लोखंडी दांडा दिला.

नेमकी त्याच दिवशी तिची आई हजर. वडिलांनी पोरीला घरी न्यायला पाठवलेलं. मी म्हटलं, "ताई, न्यायचं तर न्या, पण आधी बघा तरी!"

पोरगी दांडा घेऊन खाली गेली, समोर आई दिसली आणि गुडघे फटकन जुळले. तोल गेला. मी मागून दांडा धरला म्हणून बरं. सगळ्या मेहनतीवर पाणी!

"काय झालं वो तिला?" आई घाबरली.

"तुम्ही बघताय म्हणून आखडली," मी चिडूनच बोलले. "तुमचीच शिकवण आहे ना, गुडघे जुळवून बसायची? त्यानंच दुखतोय तो गुडघा!"

ती बाई पदर खोचून थेट पोरीसमोर जाऊन उभी राहिली.

"फाकव गुडघे. मीच जुळवाय लावले व्हते, आता मीच सांगते. कोण काय म्हणतं ते बघते मी."

पोरगी पुन्हा खाली गेली. गुडघे बाहेरच राहिले. सरळ वर आली. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

"दुखलं का गं?" आईनं विचारलं.

"नाय."

"मग ऱ्हा इथंच. तुझ्या बापाला मी सांगते."