काशिरामच्या नावाचा लाल बाण

न्हावा शेव्याच्या रस्त्याला कंटेनरांचं यार्ड हाय, त्याच्या फाटकावर काशिराम बारा वर्षं बसला. गाडी आली की उठायचं, कंटेनरचं सील हातानं ओढून बघायचं, कम्प्युटरात ‘सील तपासलं’ दाबायचं, मग ‘बाहेर गेली’. एवढंच काम, पण माणूस त्याच्यात मुरलेला.

सोमवारी दुपारी ऑफिसातल्या ललिता मॅडमनं त्याला आत बोलावलं. कुठलं बटण कुणी, किती वाजता दाबलं, त्याची नोंद कम्प्युटरात आपोआप राहते. मॅडमच्या नव्या प्रोग्रामनं वर्षभराच्या नोंदी गोळा करून कामाचा नकाशा काढलेला; काम खरोखर कसं चालतं तसा. चौकटी, चौकटींमधून बाण. ‘सील तपासलं’कडून ‘बाहेर गेली’कडं जाणारा बाण मनगटाएवढा जाड. आणि एक बारका, लाल, उलटा.

मॅडमनं समजावलं, बारा फेब्रुवारीला एकोणीस कंटेनर आधी बाहेर गेले, ‘सील तपासलं’ची नोंद नंतर पडली. त्यातल्या एकाचं सील पुढं बंदरात तुटलेलं निघालं, माल गायब. एकोणीसच्या एकोणीस नोंदी काशिरामच्या नावावर.

बारा फेब्रुवारीला काशिराम फाटकावर नव्हताच. पुतणीची हळद होती, घरासमोर बँजोपुढं नाचत होता. गावाकडच्या पोरांची फाटकावर रीतच पडलेली, घरात हळद असली की रजा टाकायची नाय. दुसऱ्यानं त्याच्या पासवर्डावर खुर्ची धरायची, खाडा लागत नाय. त्या दिवशी खुर्ची धरलेली दिनानाथनं, शेजारच्या घरातल्या. काशिरामनंही त्याची तीनदा धरलेली. आता नोंदींच्या वेळांवरून कळलं, आळशानं गाड्या तशाच सोडल्या आणि जेवण झाल्यावर सीलची बटणं एका दमात दाबली.

गप्प राहावं तर चोरी अंगावर. बोलावं तर दिनानाथ मेला.

“काका, त्या दिवशी तुम्हीच होतात ना?”

काशिराम त्या लाल बाणाकडं बघतच बोलला.

“मी नव्हतो, मॅडम. हळदीला गेलतो. खुर्चीवर दिनानाथ होता.”

मॅडमनं ते लिहून घेतलं, सही घेतली. पासवर्ड दिला हाही गुन्हाच, म्हणाल्या. उद्या दोघांनी यार्डाचे मॅनेजर सत्यजीत साहेब यांच्यासमोर यायचं.

बाहेर दिनानाथ मोटारसायकल चालू करून थांबलेला. दोघं रोज एकाच गाडीवर घरी जायचे.

“काय झाला रं? एवढा वेळ?”

“काय नाय,” म्हणत काशिराम मागं बसला. एरवी दिनानाथच्या खांद्यावर हात ठेवायचा, आज मागचा लोखंडी दांडा धरला. गाडी रस्त्याला लागली, दोन्ही अंगांनी ट्रेलर घरघरत चाललेले.

“माझा नाव घेतलास?” मान न वळवता दिनानाथनं विचारलं.

काशिरामनं दांडा आणखी घट्ट धरला. दिनानाथनं आरशात त्याचं तोंड बघितलं, काय ते समजला, आणि गाडी दोन ट्रेलरांच्या मधल्या फटीत घातली.