स्क्रीनवरची पिशवी

१० मे, शुक्रवार. चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं आणि मी पिंप भरत होते. तेवढ्यात रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंचा फोन आला.

"मॅडम, स्क्रीनवर ओ निगेटिव्हची एक पिशवी दिसतेय. फ्रीजमध्ये एकही नाही. दुधनीहून माणूस आलाय, समोर उभा आहे."

त्या रक्तपेढीचं सॉफ्टवेअर मी एकटीने लिहिलं आहे. नळ बंद केला आणि स्कूटर काढली.

त्या माणसाची बहीण दुधनीला बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, रक्त मिळत असेल तर आणा, नाहीतर तिला इकडे सोलापूरला हलवा. बाईंनी सकाळी स्क्रीन बघून फोनवर "आहे, या" सांगितलं, म्हणून तिला हलवलं नाही.

"फोनवर हाय म्हणालात की," तो म्हणाला. "मशीन खोटं बोलतंय का तुमी?"

"मशीन. आणि ते मी लिहिलंय. तिला आत्ताच्या आत्ता इकडे आणायला सांगा."

त्याने फोन लावला. बाई दुसऱ्या रक्तपेढ्यांना विचारू लागल्या.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. साठा सांभाळणारा भाग, म्हणजे मॉडेल, कुठली स्क्रीन उघडी आहे ते बघत नाही. आकडा बदलला की फक्त हाक देतो. स्क्रीन चालवणारा कंट्रोलर ती हाक ऐकायला नाव नोंदवतो आणि ऐकली की आकडा बदलतो. स्क्रीन मागे गेली की मी त्याचं नाव काढत होते, पुढे आली की परत नोंदवत होते. मधल्या वेळात काय बदललं, हे विचारायला मात्र लावलं नव्हतं. बाई दुसऱ्या स्क्रीनवर रक्तदात्याचा फॉर्म भरत असताना आतल्या काउंटरवरून शेवटची पिशवी गेली. हाक झाली, ऐकायला कोणी नव्हतं.

पूर्वी तिथे फळा होता. पिशवी देणाऱ्याने स्वतः आकडा पुसायचा. खडूची धूळ उडते म्हणून तो मीच काढायला लावला.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. अक्कलकोट ओलांडल्यावर त्याची बहीण गाडीतच गेली. बाळ ठीक आहे.

"सकाळीच निघाले असते तर?"

"मॅडम, ते मला विचारू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोडमध्ये एक ओळ घातली: नाव नोंदवलं की लगेच आकडा विचार. आठ वाजता रक्तपेढीत जाऊन नवी आवृत्ती चढवली. अडगळीतून फळा काढला, ओल्या फडक्याने पुसला, भिंतीत खिळा ठोकला. मग फ्रीज उघडून मोजलं आणि ओ निगेटिव्हपुढे शून्य लिहिलं.